बिनपगारी फादर, तासिकेचे प्राध्यापक

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं तेव्हापासून एक आकडा महाराष्ट्रातल्या संस्थाचालकांच्या बैठकांत फिरतो आहे. महाविद्यालयांच्या समूहांनी 3,000 किंवा त्याहून जास्त विद्यार्थ्यांचं लक्ष्य ठेवावं, असं धोरण म्हणतं. मग चार वर्गखोल्या आणि दीडशे पोरं असलेलं तालुक्याचं कला महाविद्यालय हवं कशाला, हा प्रश्न ओघानं आलाच. या वादात दोन्ही बाजूंना अमेरिका लागते. एक म्हणतो, तिकडची अवाढव्य विद्यापीठं बघा. दुसरा म्हणतो, तिकडची लिबरल आर्ट्सची, म्हणजे कला-विज्ञानाचं सर्वसाधारण पदवीशिक्षण देणारी, छोटी कॉलेजं बघा, शंभर-दीडशे वर्षं टिकलीत.

मी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ राहतो. इथून साधारण 65 किलोमीटरवर, लॅट्रोब नावाच्या छोट्या गावाला लागून सेंट व्हिन्सेंट कॉलेज आहे. कॅथलिक, बेनेडिक्टाइन पंथाच्या मठाचं. विद्यार्थी दीड हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या धोरणाच्या हिशेबानं निम्म्यावरच नापास. तरी 1846 पासून चालू आहे. पण ते कशाच्या जोरावर चाललं, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही, आणि मला तेवढंच सांगायचं आहे.

बव्हेरियातल्या मेटन मठाचा बोनिफेस विमर हा साधू 1846 च्या ऑक्टोबरात इथे पोचला. बरोबर दीड डझन तरुण, बहुतेक शेतकरी नाहीतर कारागीर. पुढे पाद्री होऊ पाहणारे विद्यार्थी जेमतेम चार. अमेरिकेत आलेल्या जर्मन स्थलांतरितांसाठी पाद्री तयार करायचे, हा बेत. बव्हेरियाच्या पहिल्या लुडविग राजाच्या आश्रयाखालच्या मिशन मंडळानं पैसे पाठवले, पण त्यावर कॉलेज उभं राहत नसतं. उभं राहिलं ते हातांवर. जंगल तोडलं, शेती केली, मठाच्याच आवारातल्या मातीच्या विटा पाडल्या. आजचं भव्य चर्च त्या विटांचं आहे. 1905 मध्ये त्याचा अभिषेक झाला. विमर मोठा खटपट्या माणूस. एक दारूभट्टी मठाच्या हाती आली, तर त्यानं ती चालवायला घेतली. पिट्सबर्गचे बिशप ओकॉनर दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते, ते भडकले. प्रकरण रोमपर्यंत गेलं आणि तिथून साधूंना बिअर गाळायची परवानगी मिळाली! आपल्याकडे एखाद्या शिक्षणसंस्थेनं असं काही केलं असतं तर काय मोर्चे निघाले असते, याची कल्पना करून बघा.

1854 ची पिठाची गिरणी मात्र अजून चालू आहे. शेजारच्या दुकानात कागदी पिशवीत पीठ मिळतं. आमच्याकडे ते एकदा पोळ्यांसाठी आणलं. पीठ भरड, तव्यावर पोळी फुगायला तयार नाही, गार झाल्यावर पापडच. थालीपीठ मात्र त्याचं झकास होतं. थोडं बेसन, ज्वारीचं पीठ, कांदा घालून. गिरणी आता कॉलेजचा खर्च भागवते असं मुळीच नाही. पण एके काळी वर्गात लॅटिन शिकवणारा फादर आणि गिरणीत पोती उचलणारा ब्रदर (पाद्री न झालेला साधू) एकाच घरात जेवत होते आणि दोघांपैकी कोणीच पगार घेऊन घरी जात नव्हता, हे तिथे उभं राहिलं की लख्ख दिसतं.

कॅथलिक कॉलेजांचा खरा ठेवा हाच होता. हार्वर्ड-येलसारखे गडगंज निधी यांच्याकडे कधीच नव्हते. फादर आणि सिस्टर यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं, त्यामुळे पगाराचा प्रश्न उद्भवायचा नाही. पुढे हिशेब रीतसर झाले तेव्हा पगार कागदावर मांडायचा आणि तो देणगी म्हणून परत जमा दाखवायचा, अशी पद्धत अनेक ठिकाणी होती. फी कमी ठेवता आली ती यामुळे. खाणकामगारांची, पोलादाच्या भट्टीवर राबणाऱ्यांची पोरं पदवीधर झाली तीही यामुळेच.

याचं गोडगोड चित्र रंगवायची मला हौस नाही. अंगमेहनत करणाऱ्या ब्रदरांना मठाच्या कारभारात मत नव्हतं. ते शिकलेल्या फादरांपाशी राखलेलं. उच्चनीच फक्त आपल्याकडेच असते असं नाही. सेंट व्हिन्सेंटमध्ये मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळायला 1983 उजाडलं. तोवर त्यांच्यासाठी जवळच्या ग्रीन्सबर्गला सीटन हिल होतं, सिस्टरांनी चालवलेलं. सिस्टरांनीही तितकंच फुकट राबून कॉलेजं उभी केली, पण नावाची पाटी लागायची वेळ आली की फादर पुढे.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. चिपळूणकर, टिळक, आगरकरांनी 1880 मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन. तिथल्या आजीव सदस्यांची वीस वर्षांची बांधिलकी आणि गोखल्यांचा महिना 75 रुपये पगार आपण शाळेत पाठ केलेला असतो. व्रत ब्रह्मचर्याचं नव्हतं, दारिद्र्याचं होतं, एवढाच काय तो फरक. बाहेरची कमाई सदस्यांनी घ्यावी की नाही यावरून तिथे जे वाजलं, त्यात टिळक 1890 मध्ये बाहेर पडले. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर विमरच्या ब्रदरांसारखंच केलं. पोरं शेतात राबत, शिकत, आणि वसतिगृह चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. लक्ष्मीबाईंना आजीव सदस्यत्व कोणी दिलं नव्हतं.

इकडे अमेरिकेत 1960 नंतर गणित बदललं. साधू व्हायला येणारे तरुण घटले, होते ते म्हातारे झाले. वर्गात संसारी प्राध्यापक आले, त्यांना पगार, विमा, निवृत्तिवेतन लागणार. फुकटचे हात गेले आणि त्यांची किंमत फीमध्ये आली. आज सेंट व्हिन्सेंटची वर्षाची छापील फी 40,000 डॉलरच्या वर आहे. छापील म्हणायचं कारण, ती पुरती भरणारा विरळा. देशभरातल्या खासगी कॉलेजांत नव्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून जास्त सवलत मिळते. आधी भाव वाढवायचा, मग सूट द्यायची, साड्यांच्या सेलसारखं. त्यातच 2008 च्या मंदीनंतर जन्मदर घसरला, ती पिढी आत्ता कॉलेजच्या वयाची होते आहे. ज्यांना हे झेपलं नाही ती कॉलेजं गेली: इंडियानातल्या रेन्सेलरचं सेंट जोसेफ्स 2017 मध्ये थांबलं, ओकलंडचं होली नेम्स 2023 मध्ये, ऑल्बनीचं सेंट रोज आणि फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी 2024 मध्ये. बंद पडायचं कारण विद्यार्थी कमी, हे वरवर खरं. पण तेवढ्याच किंवा त्याहून कमी विद्यार्थ्यांवर त्यांनी दशकानुदशकं काढली होती.

आता महाराष्ट्रात या. माझी मामेबहीण मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. प्राध्यापकपदासाठीची सेट ही पात्रता परीक्षा झाली आहे, पीएचडी झाली आहे. तासाला काहीशे रुपये, तेही वर्षातले काही महिने, आणि बिल निघून पैसे हातात पडेपर्यंत पुढचं सत्र सुरू झालेलं असतं. उन्हाळ्यात शून्य. कायम जागेची जाहिरात निघेल तेव्हा ‘किती लागतील’ याचा आकडा आधीच गावभर झालेला. तिच्या कॉलेजला विद्यार्थी पुरेसे आहेत, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची श्रेणीही आहे. म्हणजे फुकटच्या हातांवर चालणारं कॉलेज आपल्याकडेही आहेच, फक्त व्रत तिनं घेतलेलं नाही, ते तिच्यावर लादलंय. सेंट व्हिन्सेंटच्या फादरला पगार नव्हता, पण डोक्यावर छप्पर, म्हातारपणी सेवा आणि मरेपर्यंत जेवण होतं. 75 रुपयेवाल्या आजीव सदस्याला संस्थेच्या कारभारात मत होतं. हिला यातलं काय आहे?

म्हणून 3,000 च्या आकड्यावरची आपली भांडणं मला पोकळ वाटतात. दोन उपाशी कॉलेजं एकत्र केली तर एक मोठं उपाशी कॉलेज होईल. लहान कॉलेज वाचवा म्हणणाऱ्यांनाही माझा सवाल आहे: शिकवणाऱ्याला पगार न देता ते वाचत असेल तर कोणाच्या जिवावर वाचवताय? तसं कॉलेज बंद पडलेलं बरं, असं मी म्हणतो आणि घरी शिव्या खातो. तालुक्याच्या मुलीला जवळ कॉलेज नसेल तर तिचं लग्न लावतील, हे मामेबहिणीचं उत्तर मला खोडता येत नाही. म्हणूनच प्राध्यापकांच्या कायम जागा भरा, एवढीच मागणी उरते.

आमच्या परदेशस्थ मंडळींचंही थोडं सांगतो. मी ज्या कॉलेजात बी.एस्सी. केलं त्याचा सुवर्णमहोत्सव आहे. माजी विद्यार्थ्यांकडून प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी पैसे गोळा होताहेत. दुबई, सिडनी, न्यू जर्सीहून आकडे धडाधड पडले. मी सुचवलं की तेच पैसे तासिकेवरच्या दोन प्राध्यापकांना तीन वर्षं बारमाही पगार द्यायला वापरू. संस्थेच्या सचिवांचा निरोप आला, अशी रक्कम घ्यायला तरतूद नाही, आणि कमानीवर देणगीदारांची नावं ग्रॅनाइटमध्ये कोरणार आहेत, तुमचं स्पेलिंग कळवा.