हप्त्यावरचा जीएसटी गेला. मुदतपूर्तीच्या रकमेवरील कराचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यांवरील जीएसटी पूर्णपणे रद्द झाला. तोपर्यंत टर्म पॉलिसीच्या हप्त्यावर १८ टक्के कर भरावा लागत असे. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेच्या निवेदनाचा आधार घेऊन नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये हा कर हटवावा असे पत्र अर्थमंत्र्यांना लिहिले होते, आणि ती मागणी वर्षभराने का होईना मान्य झाली याचे मला मनापासून समाधान वाटते. कमावत्या माणसाच्या पश्चात घराची आबाळ होऊ नये म्हणून बाजूला काढलेल्या पैशावर कर घेणे मुळातच अन्यायाचे होते.

मात्र प्राप्तिकराच्या बाबतीत ‘विम्याचे पैसे करमुक्तच असतात’ ही समजूत आता सरसकट खरी राहिलेली नाही. मृत्यूनंतर नॉमिनीला मिळणारी रक्कम आजही करमुक्त आहे. प्रश्न आहे तो मुदतपूर्तीच्या रकमेचा. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पारंपरिक पॉलिसींचा एकत्रित वार्षिक हप्ता ५ लाखांहून अधिक असेल, तर त्या मर्यादेपलीकडच्या पॉलिसींच्या परताव्यावर कर लागतो. युलिपसाठी, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसींसाठी, ही मर्यादा अडीच लाखांची असून ती १ फेब्रुवारी २०२१ पासूनच्या पॉलिसींना लागू आहे. हे बदल मला योग्य वाटतात, कारण एवढे मोठे हप्ते भरणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा संरक्षणाचा नसून करमुक्त गुंतवणुकीचा असतो.

माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीत कोणत्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून अधिक असेल, तर मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहत नाही, आणि या अटीचा फटका श्रीमंतांपेक्षा निवृत्तीचे पैसे एकरकमी हप्त्यात गुंतवणाऱ्या ज्येष्ठांना अधिक बसतो. समजा, कोणी १ लाख रुपये एकदाच भरले आणि विमा रक्कम सव्वा लाख आहे. तिचे १० टक्के होतात १२,५०० रुपये, म्हणजे ही पॉलिसी पहिल्याच दिवशी अटीबाहेर गेली. जुन्या करप्रणालीत हप्त्यावर उत्पन्नातून मिळणारी वजावटही त्या १२,५०० रुपयांपुरतीच मिळते. तरीही अशी पॉलिसी गळ्यात मारताना ‘करमुक्त’ हा शब्द किती सहज वापरला जातो, हे ज्यांच्या घरी निवृत्त आईवडील आहेत त्यांना सांगायला नको.

ही अट पाळायची तर हप्त्याच्या दसपट विमाछत्र घ्यावे लागते आणि उतारवयात त्याचा खर्चही फार वाढतो, त्यामुळे ठरावीक वयापुढील ग्राहकांसाठी या अटीत सवलत असावी, असे माझे मत आहे. विकलांग आणि विशिष्ट आजार असलेल्या व्यक्तींसाठी ही मर्यादा १५ टक्के ठेवलेली आहेच. मग ज्येष्ठांचा विचार का होऊ नये? ते होईपर्यंत निदान ‘या पॉलिसीची मुदतपूर्तीची रक्कम करपात्र आहे’ असे वाक्य पहिल्याच पानावर ठळक मराठीत छापण्याची सक्ती विमा नियामकाने करावी.

ज्यांची अशी पॉलिसी पूर्ण होत आहे, त्यांनी भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण कर संपूर्ण रकमेवर नव्हे तर वजावट न घेतलेले हप्ते वगळून उरलेल्या रकमेवर लागतो. कंपनी त्यातून २ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता केला जाणारा कर, कापते. एकूण उत्पन्न करपात्र नसलेल्या ज्येष्ठांनी विवरणपत्र भरून तो परत मिळवावा.