‘खिडकीतून शिरणारं’ क्षेपणास्त्र

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळे आमच्या गल्लीत युद्धाचे मेसेज जरा जास्तच फिरतात. परवाचा एक: ‘आजचं क्षेपणास्त्र नेमकं खिडकीतून आत शिरतं. तरी निरपराध मेला, तर तो मुद्दाम मारलेला. आणि आपल्याच माऱ्यात आपला जवान गेला, तर आत गद्दार आहे.’ खाली अंगठ्यांची रांग.

खिडकीचं खरं आहे. पण कुणाची खिडकी, हे माणूसच ठरवतो. १९९९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, चिनी दूतावासावर अमेरिकी बॉम्ब पडले ते अगदी नेमावर, तिघं मेले. जुन्या नकाशामुळे इमारत ओळखण्यात चूक झाली, असा अमेरिकेचा खुलासा. (चीनला तो पटला नाही, ते वेगळं.) टिळकवाडीतला कुरिअरवाला आमचं पार्सल अजून जुन्या भाड्याच्या घरीच बिनचूक देऊन येतो.

‘मुद्दाम’ मारणारेही असतात, नाही कशाला म्हणू? पण काबूल बघा. २९ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकी ड्रोननं एका पांढऱ्या मोटारीवर तासन्‌तास नजर ठेवली. गाडीत चढवलेले पाण्याचे कॅन वरून स्फोटकं वाटले. क्षेपणास्त्र सोडलं. १० जण मेले, त्यांत ७ मुलं. कॅमेऱ्यात दिसत सगळं होतं. पण तीनच दिवसांपूर्वी विमानतळावरच्या स्फोटात १३ अमेरिकी सैनिक गेले होते. बघणाऱ्यांच्या डोक्यात दुसरा स्फोट आधीच बसलेला. म्हणून त्यांचा दोष धुतला जात नाही, पण मेसेजवाला सांगतो ती गोष्ट ही नव्हे.

राहिला गद्दार. २७ फेब्रुवारी २०१९, काश्मीरमधलं बडगाम. पाकिस्तानी विमानांशी झटापट चालू असताना आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण गेले, खाली एक गावकरीही. ही आपली मोठी चूक, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी जाहीर सांगितलं. रडारवर ठिपका दिसतो, त्यावर झेंडा नसतो; आपला की परका, हे ठरवायला हाताशी थोडे क्षण. गल्लीतले निवृत्त सुभेदारमामा म्हणाले, “रात्री ‘थम, कौन आता है’ला जबाब दिला नाही, तर आपलाच पोरगाबी दुश्मनच की रे.” १९९१ च्या आखाती युद्धात लढताना १४८ अमेरिकी सैनिक मेले, त्यांतले ३५ आपल्याच माऱ्यात. एवढे गद्दार कुठून आणायचे?

हे सगळं मेसेजवाल्याला लिहून पाठवलं. त्यानं अंगठा दिला. संध्याकाळी तोच मेसेज खानापूरच्या पाहुण्यांकडून परत आला.