निळा फासला की झालं!

अमेरिकन नेव्हीच्या जुन्या विमानावर निळा रंग फासला की झालं रिस्टोरेशन, हे या म्युझियमवाल्यांना सांगितलं तरी कोणी? १९४३ची स्कीम तीन रंगांची, वर गडद निळा, मध्ये फिका, पोट पांढरं, आणि तीही बरीचशी मॅट. मग हे कोर्सेअर (नेव्हीचं दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान) आत्ताच शोरूममधून काढल्यासारखं चकाकतंय कशाला? त्यात अमेरिकन विमानांवर खूण म्हणून असणाऱ्या ताऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्यांत मधोमध लाल रेघ! अहो, ती रेघ आली जानेवारी १९४७ला आणि खाली पाटी काय, तर 'पॅसिफिक, १९४३'. वैमानिक भविष्यात जाऊन रंगवून आला होता का? दुसरीकडे जून १९४२च्या मिडवेच्या लढाईतलं वाइल्डकॅट हे लढाऊ विमान, तर ताऱ्यात लाल ठिपका ठणठणीत, जो लढाईच्या आधीच, मे १९४२मध्ये, काढायला लावला होता कारण लांबून जपानी खूण वाटायची (आपल्याच माणसांनी पाडलं तर काय घ्या!). चार पात्यांच्या प्रोपेलरचं एफ४यू-४, म्हणजे कोर्सेअरचं १९४३नंतरचं मॉडेल, घ्यायचं आणि त्यावर बिनधास्त १९४३च्या स्क्वाड्रनचे नंबर टाकायचे. कॉकपिटचं तर बोलायलाच नको, रंगाचा जो डबा हाताला लागला तो मारला. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'लोकांना काय कळतंय?' अरे, लोकांना कळावं म्हणूनच म्युझियम काढलंय ना?