उचल आधी, मस्टर नंतर

रायगड-पालघरच्या कातकरी आदिवासींना गावातच रोजगार हमीचे काम मिळत असताना ते दिवाळीनंतर बायकापोरांसह वीटभट्टीवर जातात, याचा अर्थ त्यांना कष्टच नकोत, असे आपण प्रतिक्रियेत म्हटले आहे. कष्टांचा कंटाळा असलेला माणूस भट्टीवर जाईल, हे मला पटत नाही. तिथे नवरा-बायको मिळून चिखल कालवतात, विटा पाडतात आणि मजुरी हजार विटांवर ठरते.

खरा प्रश्न पैसा हातात केव्हा पडतो, हा आहे. भातलावणी उरकली की वाडीवर काम नसते, घरातला तांदूळ संपत आलेला असतो, आणि नेमक्या त्या दिवसांत भट्टीमालकाचा माणूस दारात येऊन रोख उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो. पुढे हंगामभर फक्त आठवड्याची खर्ची मिळते, हिशेब पावसाच्या तोंडावर होतो आणि अनेकदा बाकी अंगावरच राहते. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे १९७६ पासून बेकायदा आहे, हे खरेच. पण भुकेच्या महिन्यात दुसरे कोणी पैसे देत नाही. शासनाला याची जाणीव नव्हती असेही नाही, कारण आदिवासींना पोटापाण्यासाठी दिले जाणारे सरकारी खावटी कर्ज याच दिवसांसाठी होते.

रोजगार हमी योजनेत (रोहयोत) मात्र आधी अर्ज, मग मस्टर म्हणजे हजेरीपट, मग झालेल्या कामाचे मोजमाप आणि शेवटी, मस्टर बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत, तेही सारे वेळेवर झाले तर, बँकेत मजुरी. २०२४-२५ मध्ये राज्यातला दिवसाचा दर २९७ रुपये होता, परंतु मजुरी मोजमापावर निघत असल्याने मुरमाड उतारावर चर खणणाऱ्या जोडीला तेवढी पडतेच असे नाही. त्यात जॉबकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरे असले, तर पैसे अडकतात. शिवाय बहुतेक कातकरी भूमिहीन असल्याने फळबाग, विहीर, बांधबंदिस्ती ही कामे दुसऱ्याच्या शेतावर होतात आणि त्यांचा फायदाही त्या शेतमालकालाच होतो.

मुले भट्टीवर गेल्याने त्यांची शाळा सुटते, हा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु ‘रोहयोच्या कामाला मागणीच नाही’ या सरकारी नोंदीवर आपण जो भर दिला आहे, तो मला मान्य नाही. मागणी नोंदवून पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर बेरोजगार भत्ता राज्याला द्यावा लागतो. त्यामुळे अर्ज घेऊन तारखेची पोच देण्याऐवजी ‘काम निघाले की कळवू’ एवढे तोंडी सांगून माणसाला परत पाठवले, की भत्त्याचा प्रश्न उरत नाही आणि कागदावर त्या वाडीची मागणी शून्य दिसते.