10,000 च्या भावाचे कट्टे

आज सकाळी पुण्याहून पुतण्याचा फोन आला. ‘काका, निम्म्यावर आलाय, धरून ठेवू का मोडून टाकू?’ एआयच्या गाजावाजात चढलेल्या एका कंपनीचा शेअर त्याने पहिल्या बोनसमधून घेतला होता. मी काही बोलण्याआधीच त्याच्या ग्रुपवरच्या जाणकारांनी ‘विकला नाही तोवर तोटा नाही’ असा निकाल देऊन टाकला होता आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही.

हे वाक्य मी आमच्या अण्णांच्या तोंडून ऐकलेले आहे. 2021 च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला 10,000 रुपयांवर गेले, आणि त्या वर्षीची रास झाल्यावर अण्णांनी माल आडतीवर न नेता माळवदाच्या खोलीत थप्पी लावून ठेवला. पुढे 7,000 चा भाव मिळत असताना आम्ही सगळे विनवत होतो. ते कट्ट्यांवरून हात फिरवत ‘हा दहाचा माल आहे’ म्हणत. 2023 मध्ये तो 5,000 च्या आत गेला, त्यात वाळून घट आलेली आणि खालचे कट्टे उंदरांनी फोडलेले.

आडत्या मुठीत दाणे घेऊन ओल पाहतो, काडीकचरा पाहतो आणि त्या दिवशीचा भाव सांगतो. तुम्ही कोणता आकडा मनात धरून बसला आहात, हे तो विचारत नाही. शेअरबाजार तरी वेगळे काय करतो? ‘कंपनी चांगली आहे’ म्हणे! इंटरनेटची यंत्रसामग्री बनवणारी अमेरिकेतली सिस्कोही चांगलीच होती, बुडाली तर नाहीच, तरीही मार्च 2000 मधला भाव पुन्हा दिसायला 25 वर्षे लागली.

झोमॅटोचा दाखला कोणीतरी देणारच. 76 रुपयांना आलेला तो शेअर 2022 मध्ये चाळिशीपर्यंत घसरला आणि ज्यांनी धरला त्यांचे 2024 मध्ये भले झाले, हे मान्य. पण त्यांच्यातल्या कितींनी ताळेबंद वाचून धरला आणि किती जण नुसते थप्पीकडे बघत बसले होते?

अण्णांवर मी तेव्हा फार चिडलो होतो, याचे आता वाईट वाटते. आडतीवरून परतताना त्यांनी हिशोबाची पट्टी दोनदा घडी घालून खिशात ठेवली आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. भाव त्यांनाही कळत होता. घरच्यांसमोर इतके दिवस जे ठासून सांगितले ते चुकले, हे कागदावर उतरवून घेणे जड गेले असावे.

पुतण्याला मी एवढेच विचारले, की आज तुझ्या हातात रोख असती तर याच भावाने हाच शेअर घेतला असतास का? तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, ‘काका, तुमचे ऐकूनच घेतला होता ना.’

खरे आहे. माझे 40 शेअर अजून डिमॅट खात्यात तसेच आहेत. उद्या बाजार उघडल्यावर आधी ते विकतो आणि मगच त्याला फोन करतो.