मीठ खाल्लं म्हणून बोलायचंच नाही का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली आणि तिथेच खाली उत्तर लिहायला बसले, पण ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळंच टाकूया. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो, त्यात काय काय होतं ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर काका म्हणतात की आम्ही ग्रुप टूरने बँकॉक-पटाया करून आलो, इतके हसतमुख आणि नम्र लोक आयुष्यात बघितले नाहीत, आणि ताई तुम्ही ज्यांचं मीठ खाता त्यांनाच नावं ठेवता. आपल्याकडच्या कचेऱ्यांत काय कमी हेलपाटे असतात? एवढा त्रास होत असेल तर सरळ परत या. शेवटी, माझा पुतण्या तिकडे नोकरीला येतोय, त्याला कशाला घाबरवता.

लोकांबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. नवरा तापाने फणफणला होता तेव्हा शेजारच्या पा (मावशी म्हणायचं त्यांना) न सांगता गरम खाओ तोमचं (भाताची पेज) पातेलं दारात ठेवून गेल्या, वर बिनमाशाचं केलंय म्हणून खुणेने सांगितलं. असे अनुभव इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येकाकडे असतात. पण माझ्या लेखात एकाही थाई माणसाबद्दल वाईट शब्द नाहीये, परत एकदा वाचा हवं तर. मी लिहिलं होतं नियमांबद्दल. नियम आणि माणसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टूरवर आलेल्याला फक्त माणसं भेटतात, नियम भेटतच नाहीत, पासपोर्टवर शिक्का बसला की झालं.

आता नियम म्हणजे काय ते सांगते. १९७९चा इमिग्रेशन कायदा आहे. त्यात ९० दिवसांवर सलग राहिलात की पत्ता कळवायचा, मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत कधीही, चुकलात तर २००० बाट दंड. हे आता ऑनलाइन होतं आणि झालं तर पाच मिनिटांत होतं, कधी मात्र अर्ज नुसता पेंडिंग पडून राहतो आणि तारीख जवळ यायला लागली की पोटात गोळा येतो. पण ते सोडा, ते सोपं आहे. त्याच कायद्यात आणखी एक आहे, टीएम ३० नावाचा फॉर्म. तुमच्या घरात परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकाने कळवायचं. जबाबदारी मालकाची, पण तो कागद नसला तर काम अडतं भाडेकरूचं.

माझंच झालं होतं. व्हिसाची मुदत वाढवायला गेले, पहाटे उठून, सगळी फाइल तयार, पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या पेनने सही, फोटो, घराचा हाताने काढलेला नकाशा. नंबर आला तेव्हा दुपार व्हायला आली होती. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे एकेक कागद उलटला, हसून फाइल परत दिली आणि म्हणाल्या टीएम ३० नाही. आमच्या मालकीणबाई राहतात दुसऱ्या प्रांतात, त्यांना फोन लावला तर त्यांना वाटलं हा टॅक्सवाल्यांचा काहीतरी प्रकार आहे, घाबरून फोनच ठेवला त्यांनी. मग लाइन ॲपवर (इथलं व्हॉट्सॲपच) मेसेज, त्यांच्या मुलीला मेसेज, एक तासाने त्यांच्या ताबियन बानचा (म्हणजे घराच्या नोंदणीची निळी वही) आणि ओळखपत्राचा फोटो आला तो असा की अर्धं पान सावलीत. झेरॉक्सवाल्याने तो तीन वेळा उजळून प्रिंट काढला, बिचाऱ्याने शेवटच्या प्रिंटचे पैसेही घेतले नाहीत. तोवर १२ ते १ची सुट्टी, परत रांग, परत नंबर. काम झालं त्या दिवशी, नाही असं नाही. पण त्या सगळ्यात चूक कुणाची होती सांगा, खिडकीतल्या बाईंची नाही, मालकीणबाईंचीही नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माझी तर नव्हतीच. नियम असा आहे की तो कुणाच्याच हातात नाही आणि त्याचा भार मात्र ज्याला भाषा येत नाही त्याच्यावर पडतो. हे लिहिणं म्हणजे नावं ठेवणं असं मला वाटत नाही.

आणि मिठाबद्दल. काका, ते मीठ आम्ही विकत घेतो हो. दोघांच्या पगारातून दर महिन्याला इन्कम टॅक्स कापला जातो, सोशल सिक्युरिटीचे ठरलेल्या मर्यादेपर्यंत ५ टक्के कापले जातात, २०२४ पासून तर वर्षात १८० दिवस इथे राहणाऱ्याने बाहेर कमावून इथे आणलेल्या पैशावरही कर आहे. तक्रार नाही, राहतो तिथे कर भरायचाच. पण मग खाओ याईच्या जंगलात जायचं तर थाई माणसाला ४० बाट आणि परदेशी माणसाला ४००. पर्यटकाकडून जास्त घ्या, मला ते योग्यच वाटतं, आपणही घेतोच ना. पण वर्क परमिट खिशात घेऊन, इथेच कर भरून राहणाऱ्याचं काय, तर ते बहुतेक ठिकाणी गेटवर कोण बसलंय त्यावर. आणि एक गंमतीची नाही तर मला मनापासून आवडलेली गोष्ट सांगते, अजिंठ्याला आणि वेरूळला बाकी परदेशी लोकांना ६०० रुपये तिकीट आहे पण थाई माणसाला आपल्यासारखंच ४०, कारण थायलंड बिमस्टेकमध्ये (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट) आहे. इथले कितीतरी लोक बुद्धाच्या ओढीने तिकडे जातात, त्यांना आपण घरच्यासारखं तिकीट देतो याचा मला अभिमान वाटतो, आणि म्हणूनच इथेही राहणाऱ्यांसाठी काहीतरी पक्का नियम असावा असं म्हणते.

तरी पण खरं सांगू का, तिकीट आणि झेरॉक्स ही वरवरची तक्रार आहे. आत जे बसलेलं असतं ते वेगळं. इथे साध्या कंपनीत नोकरी करणाऱ्याची राहण्याची परवानगी त्या नोकरीला बांधलेली असते, नोकरी संपली की त्याच दिवशी परवानगी संपली. १९०० बाट भरून सात दिवस वाढवून मागता येतात, बस. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचं हेच झालं, कंपनीने डिपार्टमेंटच बंद केलं, पोरांची टर्म अर्ध्यात, शाळेची फी भरलेली, घराचं दोन महिन्यांचं डिपॉझिट अडकलेलं, गाडी विकायची, गणपतीचं मखर कुणाकडे तरी ठेवायचं, आणि हातात आठवडा. बायको-मुलं डिपेंडंट व्हिसावर म्हणजे त्यांचीही परवानगी त्याच्याबरोबर गेली. मी स्वतः पहिली काही वर्षं डिपेंडंट होते, पदवी आहे, पुण्यात नोकरी केलेली आहे, पण इथे शेजारच्या मुलाला पैसे घेऊन गणित शिकवलं असतं तरी बेकायदा ठरलं असतं. चांगल्या घरात, चांगल्या शेजाऱ्यांत राहून माणूस रोज थोडा थोडा वाळत जातो म्हणजे काय ते त्या काळात कळलं. यावर बोलायचं नाही तर कशावर बोलायचं?

घर शोधतानाही असंच. एजंट लाइनवर आधी विचारतो कुठल्या देशाचे, आणि इंडिया म्हटलं की दहा मिनिटांनी उत्तर येतं, ओनर म्हणतात नको. कारण बहुतेक वेळा फोडणीचा वास. सगळे मालक असे नाहीत, आमच्या मालकीणबाईंना तर माझी आमटी आवडते. पण हे होतं, आणि होतं म्हणून लिहायचं. मुंबईत मांसाहारी माणसाला, मुसलमान माणसाला सोसायटीत घर नाकारतात तेव्हाही मी हेच लिहिलंय आणि तेव्हा तुमच्यापैकी काहींनी पाठ थोपटली होती.

आता तुमचा मुद्दा की आपल्याकडे काय कमी त्रास आहे. काही कमी नाही, मान्यच! भारतात १८० दिवसांपेक्षा जास्त व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी लोकांची नोंदणी करणारी सरकारी कचेरी) नोंदणी करायला लागते, आणि परदेशी माणसाला ठेवून घेणाऱ्याने २४ तासांत एक फॉर्म भरायचा असतो, म्हणजे टीएम ३०चीच बहीण. पुण्यात शिकायला येणाऱ्या थाई मुलामुलींना विचारा घरमालक तो फॉर्म भरायला किती कटकट करतात. पण उद्या त्यातल्या एखाद्या मुलीने थाई भाषेत लिहिलं की पुणं मला खूप आवडतं पण या नोंदणीने जीव नकोसा होतो, तर तुम्ही तिला जा बाई परत तुझ्या देशात म्हणाल का? तुमची प्रतिक्रिया वाचून मला नाही वाटत तुम्ही म्हणाल, उलट तुम्ही तिला कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगाल.

आणि हे परत या म्हणणं माझ्यापुरतं ठीक आहे, मला परत यायला पुणं आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई बर्मातल्या, शान राज्यातल्या. त्यांचं गुलाबी कार्ड (परदेशी मजुरांचं ओळखपत्र), त्याची मुदत, मालक बदलला की नवे कागद, सगळे फॉर्म थाईत, म्हणून प्रत्येक वेळी एजंट आणि एजंट मागेल ते पैसे. त्यांचा धाकटा भाऊ बांधकामावर आहे. बर्मात २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली आणि २०२४ ला सक्तीची लष्करभरती लागू केली, त्याच्या वयाच्या मुलांना उचलतात. त्याला कोण म्हणणार त्रास होतो तर परत जा? २८ मार्च २०२५ च्या भूकंपात बँकॉकच्या चतुचक भागातली सरकारी ऑडिट खात्याची बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळली, त्याखाली जे गेले त्यात थाई मजूर होते तसेच बर्मी मजूरही होते. त्या दिवसापासून या ताई भावाचा फोन लागेपर्यंत जेवत नाहीत. बँकॉकचे कॉन्डो, महाचाई बंदरातली मासळी, हॉटेलांमागची भांडी हे सगळं ज्यांच्या हातांवर चालतं ते पण इथले परदेशी रहिवासीच आहेत, आणि दुसऱ्या टोकाला २०२२ पासून श्रीमंतांसाठी आणि मोठ्या पगारवाल्यांसाठी दहा वर्षांचा एलटीआर व्हिसा आहे, त्यांनी पत्ता वर्षातून एकदाच कळवायचा. म्हणजे वर्षातून एकदा कळवलं तरी देशाचं काही बिघडत नाही हे सरकारलाच मान्य आहे. मग तीच सवलत हळूहळू खाली येऊ द्या, एवढंच माझं म्हणणं होतं त्या लेखात.

आम्ही तर इथेच राहायचं म्हणतोय. पर्मनंट रेसिडेन्सीसाठी एका देशाच्या फक्त १०० लोकांना वर्षाला घेतात, मुलाखत थाईत होते, मंजूर झाल्यावर फीच १,९१,४०० बाट आहे, आणि तरी आम्ही अर्ज करणार आहोत. संध्याकाळी मुलांची झोप लागली की दोघं थाई वाचायची प्रॅक्टिस करतो. ज्याला उद्या निघून जायचंय तो कशाला एवढं लिहील?

राहिला पुतण्या. त्याला घाबरवायचं नाहीये, पण काही गोष्टी त्याच्या कानावर घालाच. आधी फिरायला म्हणून या, वर्क परमिट नंतर करून देतो असं कंपनी म्हणाली तर यायचं नाही. नॉन-इमिग्रंट बी (म्हणजे नोकरीसाठीचा) व्हिसा घेऊनच यायचं, आता भारतातून ई-व्हिसा मिळतो. परमिटशिवाय काम करताना सापडलं तर ५००० ते ५०,००० बाट दंड, वर देशाबाहेर काढतात, आणि कंपनी हात वर करते. घर घेताना डिपॉझिट द्यायच्या आधी मालक टीएम ३० भरणार का हे विचारायचं, भरल्यावर पावतीचा फोटो ठेवायचा. दिवाळीला घरी जायच्या आधी री-एंट्री परमिट काढायचं, एकदाचं १००० बाट, कितीही वेळा जाण्यायेण्याचं ३८००. ते न काढता विमानात बसला तर वाढवून घेतलेली मुदत तिथेच रद्द होते, मग सगळं पहिल्यापासून.

आणि काका, हे एक मात्र घाबरवण्यासाठीच लिहितेय. नोकरी डेटा एंट्री किंवा डिजिटल सेल्सची असेल, पगार अनुभवाच्या मानाने फारच जास्त असेल, आणि विमानतळावरून गाडीने माए सोतकडे (बर्माच्या सीमेवरचं थाई गाव) नेणार असं कुणी बोललं असेल तर त्याला घरातून निघूच देऊ नका. माए सोतच्या पलीकडे नदी ओलांडली की बर्मातलं म्यावडी, तिथे आपल्या पोरांना कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने हवाई दलाची विमानं पाठवून माए सोतहून पाचशेच्या वर भारतीयांना परत आणलं, त्यातल्या बऱ्याच जणांना बँकॉकमध्ये नोकरी म्हणूनच आणलं होतं. त्याला सांगा ऑफर लेटर आणि कंपनीचं पूर्ण नाव मला मेल कर. इथे कंपनी रजिस्टर झालीय का, कधी झाली, भांडवल किती, हे सरकारी साइटवर फुकट बघता येतं पण बरंचसं थाईत असतं, मी बघून दोन दिवसांत कळवते.