खर्जातली खटपट

सहा तारांच्या गिटारपेक्षा चार तारांची बेस गिटार एक तृतीयांशाने सोपी असणार, या हिशेबाच्या भरवशावर मी ती शिकायला घेतली. हिशेबात तारांची संख्या धरली होती, जाडी धरायची राहिली होती, हे माझ्या बोटांनी पहिल्याच संध्याकाळी माझ्या निदर्शनास आणून दिले.

वाजवणे ही पुढची गोष्ट. माझा मुक्काम अजून तारा जुळवण्यावरच आहे. नियम तसा सरळ आहे. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी असे सूर लावायचे. कोणत्याही तारेला सा मानले की पुढची तार तिच्या शुद्ध मध्यमावर येते, आणि म्हणूनच एक तार पाचव्या पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या आडव्या पट्टीवर, दाबली की पुढच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. साध्या गिटारच्या जाड चार तारांचे सूरही हेच असतात; बेसवर ते फक्त एक सप्तक खाली उतरतात. या ‘फक्त’ने माझा घात केला. मोकळी ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि माणसाचा कान साधारण २० कंपनांच्या खाली हात टेकतो. माझा त्याच्या बराच आधी टेकतो. तिथे मला स्वरापेक्षा शेजारच्या खोलीत कपाट सरकवल्याचाच भास अधिक होतो. तार चढली की उतरली असे कोणी विचारल्यास ‘हलली’ एवढेच मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

ट्यूनरवर, म्हणजे सूर चढला की उतरला हे काट्याने दाखवणाऱ्या यंत्रावर विसंबावे, तर त्याचाही काटा या खर्जापुढे गांगरतो. तेव्हा बाराव्या पडद्याच्या नेमके वर तारेला नुसते बोट टेकवून ती छेडावी, म्हणजे सप्तकभर वरचा हार्मोनिक वाजतो आणि काटा भानावर येतो. शिवाय तार आधी सुराखाली उतरवून मग चढवत आणावी, नाहीतर खुंटीच्या दात्यांतली ढिलाई नंतर सूर पाडते.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बेसचे नाव ‘प्रिसिजन’ होते. डबल बेस या उभ्या, बिनपडद्यांच्या वाद्यावर सूर अंदाजाने शोधावा लागे, पडद्यांमुळे तो नेमका मिळू लागला, हा त्या नावाचा अर्थ. मोकळी तारच बेसूर असेल तर मात्र प्रत्येक पडद्यावर तितकीच नेमकी चूक ऐकू येते, हा शोध माझा.

एवढे करून एकदाच्या चारही तारा जुळल्या, की ‘ड्रॉप डी’ची फर्माईश येते: ई तार एक पूर्ण स्वर उतरवून डीवर आणायची, आणि मग त्या एका तारेवर सगळी बोटे दोन पडदे पुढे सरकवायची. पाच तारांच्या बेसला तर खाली आणखी एक बी तार असते, सुमारे ३१ कंपनांची. तिच्या वाटेला मी गेलेलो नाही.

परवाच्या तालमीत गायकाचा आवाज बसला होता, म्हणून सर्वांनी अर्धा स्वर खाली यायचे ठरले. मी निमूटपणे खुंटीला हात घातला. डी तारेपर्यंत पोहोचलो, तेव्हा ड्रमवाला झांजा पिशवीत भरत होता.